बायसनचं काळीज, म्हशीची कलेजी

"बायसनचं काळीज खाल्लं की रक्त भराभर वाढतं म्हणतात. ते आपल्याकडे मिळतं का?"

हा प्रश्न हल्ली व्यायामशाळेत जाणारी मुलं विचारतात, तशी अशक्तपणाला कंटाळलेली माणसंही विचारतात. परदेशी डब्यांवर रुबाबदार वशिंडाच्या जनावराचं चित्र असतं. आत वाळवलेल्या काळजाची भुकटी भरलेल्या कॅप्सूल असतात आणि किंमत वाचून आपल्याच काळजाचा ठोका चुकतो.

मिळतं का, याचं उत्तर एका शब्दात देता येईल: नाही. पण त्यामागे दुसरा, जास्त कामाचा प्रश्न दडलेला आहे. जे हवं आहे ते बायसनमध्ये आहे, की काळजात? तो सोडवायला कोलकात्यात, हुगळीच्या काठी, गार्डन रीचला जाऊ.

१. आधी जनावरं वेगळी करू

बायसन म्हणजे उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानातलं जनावर. एके काळी त्यांचे कोट्यवधींचे कळप होते. बेसुमार शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारभरही उरले नाहीत. आज अमेरिकेत आणि कॅनडात ते कुरणांवर पाळले जातात आणि त्यांचं मांस रीतसर विकलं जातं. तिथले मूळ रहिवासी शिकार झाल्यावर काळीज, जीभ आणि नळीतला मगज आधी खात, हेही खरं.

आपल्याकडे 'इंडियन बायसन' म्हणतात तो गवा. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातला, गोव्याचा राज्यप्राणी, डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला आणि पकडापकडीत मेलेला. तो वेगळा प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. त्याच्या मांसाचा विचारही करायचा नाही.

तिसरी आपली म्हैस. अमेरिकेत बायसनलाही बोलीभाषेत 'बफेलो' म्हणतात, त्यामुळे घोळ वाढतो. म्हैस बायसनची सख्खी बहीण नाही, पण कुटुंब एकच: रवंथ करणारी, चार कप्प्यांच्या पोटाची, गवत खाणारी मोठी जनावरं. या प्रकरणापुरतं एवढं नातं पुरेसं आहे.

२. गार्डन रीचच का?

नागपूरकरांना हे नाव नवं नाही. बंगाल-नागपूर रेल्वे १८८७ मध्ये सुरू झाली, तिचं मुख्यालय गार्डन रीचला. पुढे ती दक्षिण-पूर्व रेल्वे झाली आणि २००३ पर्यंत नागपूरचा एक रेल्वे विभाग तिच्याच हाताखाली होता. नागपूरच्या मोतीबाग रेल्वे वसाहतीतल्या किती तरी घरांत 'गार्डन रीचहून कागद आलाय' हे वाक्य बदलीच्या धास्तीने उच्चारलं गेलं आहे.

याच गार्डन रीचचा मटियाबुर्ज हा भाग. अवधचं राज्य इंग्रजांनी १८५६ मध्ये खालसा केलं आणि नबाब वाजिद अली शाह कोलकात्याला आला. मटियाबुर्जला त्याने छोटं लखनऊच वसवलं. तो गेला १८८७ मध्ये, म्हणजे रेल्वे कंपनी निघाली त्याच वर्षी. त्याच्यामागे त्याचे बावर्ची, शिंपी, कारागीर यांचे वंशज राहिले. आज हा भाग शिवणकामाच्या कारखान्यांसाठी आणि तयार कपड्यांच्या घाऊक बाजारासाठी ओळखला जातो.

दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या कारागिराला स्वस्त, पोटभर आणि दमदार खाणं लागतं. तसं ते नागपूरच्या विणकर कोष्ट्यांनाही लागायचं. सावजी रश्शातलं खूर आठवा. गार्डन रीचला ही गरज 'बडे का', म्हणजे मोठ्या जनावराच्या मांसातून भागते, आणि त्यातही मांसापेक्षा स्वस्त असलेल्या भागांतून: कलेजी, दिल, गुर्दा, तिल्ली, जबान, मगज, ओझडी, पाया, खीरी. शेजारच्या बंगाली घरात काळजाला 'मेटे' म्हणतात आणि बकऱ्याच्या मेट्याची बटाटा घालून चच्चडी करतात.

मराठी मुलखालाही हे परकं नाही. वजडी, मुंडी, खुरं, भेजा, रक्ती हे शब्द आपलेच आहेत. मराठवाड्यातल्या दलित घरांमधलं हे सगळं खाणं शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात तपशिलाने नोंदवून ठेवलं आहे. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला बंदी आधीपासूनच होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही आहे. म्हैस त्या बंदीत नाही. ज्यांच्या ताटात मोठं जनावर येतच नाही त्यांनी पुढे जिथे 'म्हैस' येईल तिथे 'बकरा' वाचावं. आकडे थोडे हलतील, तर्क हलणार नाही.

३. एकच किल्ली: अवयवाचं काम विचारा

या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच आहे. कोणताही अवयव समोर आला की विचारायचं, जनावर जिवंत असताना हा काय काम करत होता? त्या कामावरून कळतं की त्यात काय साठलं असेल. आणि त्याच कामावरून कळतं की तो कसा शिजवायचा.

काळजापासून सुरुवात करू. मराठीत आपण काळीज धडधडतं म्हणतो, पण खाटकाच्या दुकानात काळीज मागितलं तर धडधडणारं हृदय मिळत नाही, यकृत मिळतं. यकृत म्हणजे घरातली कोठी. आलेला माल निवडायचा, साठवायचा, लागेल तसा काढून द्यायचा.

कोठीत काय असतं? अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात गोवंशाच्या १०० ग्रॅम कच्च्या काळजाचे आकडे साधारण असे आहेत: प्रथिनं २० ग्रॅम, चरबी ४ ग्रॅमच्या आत, लोह ५ मिलिग्रॅम, जीवनसत्त्व अ जवळपास ५,००० मायक्रोग्रॅम, फोलेट २९० मायक्रोग्रॅम आणि बी-१२ सुमारे ६० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला बी-१२ लागतं दोन-अडीच मायक्रोग्रॅम.

हा साठा आला कुठून? जीवनसत्त्व अ आलं हिरव्या गवतातून. गवतातल्या पिवळ्या-केशरी रंगद्रव्याचं जनावराच्या शरीरात जीवनसत्त्व अ होतं आणि ते काळजात जमा होतं. म्हैस या कामात फार चोख. रंगद्रव्य ती जवळजवळ शिल्लकच ठेवत नाही. म्हणून गायीचं लोणी पिवळसर असतं आणि म्हशीचं पांढरंशुभ्र. बी-१२ मात्र गवतातही नसतं. ते पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले जिवाणू तयार करतात. पोट हा कारखाना, काळीज हे गोदाम. बायसनचं पोट असो वा म्हशीचं, कारखाना एकाच पद्धतीचा आहे. डबीवरच्या चित्रातलं वशिंड या हिशेबात कुठेच येत नाही.

४. मुंबईच्या गिरणीतल्या बाया आणि काळजाचा अर्क

'काळीज खा, रक्त वाढेल' हा आजीबाईचा सल्ला विज्ञानाने तपासून घेतलेला आहे.

शंभर वर्षांपूर्वी एका प्रकारचा पंडुरोग हमखास प्राण घ्यायचा. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवलं की अशा रोग्यांना रोज भरपूर काळीज खायला दिलं तर ते बरे होतात. या कामासाठी त्यांना आणि त्यांच्या आधी कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या व्हिपल यांना १९३४ चं नोबेल मिळालं. काळजातला तो गुणकारी पदार्थ १९४८ मध्ये वेगळा काढता आला. तोच बी-१२.

त्याच सुमारास, १९२८ मध्ये, ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणात भयंकर पंडुरोग व्हायचा. तिने पाहिलं की काळजाच्या साध्या, कमी शुद्ध केलेल्या अर्काने या बाया सुधारतात, पण अमेरिकेत गुण देणारा शुद्ध अर्क इथे चालत नाही. याचा अर्थ काळजात दोन वेगळी औषधं आहेत आणि शुद्धीकरणात एक गळून जातं. यीस्टचा स्वस्त अर्क देऊनही बाया बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. हा दुसरा पदार्थ पुढे पालकाच्या पानांतही सापडला आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याचं नाव पडलं फोलिक अ‍ॅसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत ते असतं. त्या गोळीची मुळं गिरणगावात आहेत.

प्रश्न अजून मिटलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी महाराष्ट्रात ५४ टक्के आणि पश्चिम बंगालमध्ये ७१ टक्के बायांचं रक्त कमी आढळलं.

५. बाकीच्या अवयवांना तोच प्रश्न विचारू

दिल म्हणजे हृदय. काम: जन्मापासून मरेपर्यंत अखंड पंप. म्हणजे तो स्नायूच, पण कधी न विसावलेला. त्यामुळे घट्ट, चरबी कमी, लोह ४ मिलिग्रॅमच्या वर. ज्यांना काळजाची चव आवडत नाही त्यांनी दिलापासून सुरुवात करावी. ते मटणासारखंच लागतं.

गुर्दा म्हणजे मूत्रपिंड. काम: रक्त गाळणं. बी-१२ भरपूर, १०० ग्रॅममध्ये २७ मायक्रोग्रॅमच्या आसपास. गाळणीला वास राहतोच, म्हणून त्याची साफसफाई जास्त.

तिल्ली म्हणजे प्लीहा. काम: म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी मोडीत काढणं. भंगारवाल्याकडे लोखंड साठावं तसं तिच्यात लोह साठतं: १०० ग्रॅममध्ये जवळपास ४५ मिलिग्रॅम, काळजाच्या नऊ पट. लोहाचा विचार केला तर खरी राणी हीच, पण तिच्या नावाची डबी फारशी कोणी विकत नाही.

ओझडी, आपली वजडी. काम: गवत आंबवायची टाकी. टाकी मजबूत लागते, म्हणून ती चिवट तंतूंची बनलेली. बी-१२ इथे तयार होतं पण थांबत नाही. लोह एक मिलिग्रॅमही नाही. वजडी खायची ती मऊ-चिकट पोतासाठी आणि स्वस्त प्रथिनांसाठी.

मगज म्हणजे मेंदू. काम: तारा जोडणं. या तारांवरचं वेष्टन चरबीचं असतं, म्हणून मगज लोण्यासारखा लागतो. १०० ग्रॅममध्ये कोलेस्टेरॉल ३,००० मिलिग्रॅमच्या घरात. ईदपुरता ठीक, रोजचा नाही.

खीरी म्हणजे सड-कास. काम: दूध तयार करणं. मऊ, स्निग्ध, किंचित दुधाळ चव. कोलकात्यात रमजानच्या संध्याकाळी निखाऱ्यावरचे खीरी कबाब खायला माणसं लांबून येतात.

६. शिजवण्याचा नियमही कामातूनच

स्वयंपाकघरात सगळ्या अवयवांचे दोनच गट पडतात: पोह्यांचा आणि वालांचा. पोह्यांना वेळ दिला तर बिघडतात, वालांना नाही दिला तर.

काळीज पोह्यांच्या गटातलं. कोठीला हालचाल करायची नसते, म्हणून त्यात चिवट तंतू जवळजवळ नाहीत. मऊ करण्यासारखं काही नाहीच. नुसती प्रथिनं आवळायची असतात. ती ७० अंशांच्या आसपास आवळून होतात. त्यापुढे आच दिली की फडकं पिळावं तसं पाणी बाहेर पडतं आणि काळीज रबर होतं. 'अजून थोडं शिजू दे' म्हणणाऱ्यांनी जगातली निम्मी कलेजी वाया घालवली आहे.

बकरी ईदला मटियाबुर्जच्या घरात सकाळी सगळ्यात आधी कलेजी का रांधली जाते, त्याचं कारणही इथेच आहे. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात. असं मांस घाईने शिजवलं तर कडक लागतं. काळीज स्नायू नसल्याने ताठरत नाही. शिवाय ते नासतंही सर्वांत आधी. म्हणजे नमाजाहून परतून जनावर कापल्यावर जे लगेच होऊ शकतं आणि जे लगेच संपवायला हवं, ते एकच.

कृती अशी. पाव किलो कलेजी घ्या. वरचं पातळ पारदर्शक आवरण अंगठ्याने सोलून काढा. ते राहिलं तर तव्यावर तुकडे वाकडे होतात. आतल्या पांढऱ्या नळ्या कापून टाका. करंगळीएवढ्या जाडीचे काप करा आणि कोरडे पुसा. आलं, लसूण, हिरवी मिरची, थोडी हळद, जाडसर मिरपूड चोळून दहा मिनिटं ठेवा. मीठ आत्ता नको. ते पाणी सोडवतं. लोखंडी तवा चांगला तापवा, मोहरीचं तेल धूर येईपर्यंत कडकडीत करून मग आच थोडी उतरवा. काप एकमेकांना न चिकटवता मांडा. एका बाजूला दीड-दोन मिनिटं, उलटून तेवढीच. मधोमध कापून पाहा: रक्ताळ लाल नको, राखाडी भुकटीही नको, फिकट तपकिरी आणि ओलसर हवं. आता मीठ, वरून लिंबू, आणि तवा खाली.

लिंबू नुसतं चवीला नाही. काळजातलं सगळं लोह एका रूपात नसतं, आणि त्यातल्या अवघड रूपातलं लोह शरीरात शिरायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. उलट जेवणावर लगेच घेतलेला कडक चहा वाट अडवतो. कोलकात्यात हे सांगणं धाडसाचं आहे, पण तासभर थांबावं.

वजडी वालांच्या गटातली. गरम पाण्यात घालून, सुरीने खरवडून, पाणी निवळ येईपर्यंत धुवायची. पहिलं उकळलेलं पाणी फेकायचं. मग मोठ्या जनावराची असेल तर कुकरमध्ये मंद आचेवर पाऊण तास. या वेळात तिचे चिवट तंतू विरघळून रश्श्याला दाटपणा येतो. पायाचं तेच, जिभेचंही तेच. जीभ फक्त शिजल्यावर गरम असतानाच सोलायची. खीरी आधी उकडून घेऊन मग निखाऱ्यावर. दिल दोन्ही गटांत बसतं: पातळ काप करून झटपट, नाहीतर तुकडे करून निवांत. गुर्दा उभा चिरायचा, मधला पांढरा गाभा काढायचा, मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा आणि मग काळजासारखा.

७. मग रोज खायचं का?

नाही. भरलेली कोठी एका दमात रिकामी करायची नसते. बी-१२ आणि फोलेट जास्त झालं तर लघवीवाटे जातं किंवा शोषलंच जात नाही. जीवनसत्त्व अ मात्र चरबीत मुरतं आणि साठत जातं. ध्रुवीय अस्वलाचं काळीज खाऊन दर्यावर्दी गंभीर आजारी पडले, ते याच्याच अतिरेकाने.

हिशेब करू. बाईला दिवसाला जीवनसत्त्व अ लागतं ८४० मायक्रोग्रॅम. ५० ग्रॅम कलेजीत ते आहे सुमारे २,५००, म्हणजे तीन दिवसांचं. रोज घेण्याची वरची मर्यादा ३,०००. कोणी रोज २०० ग्रॅम खाऊ लागलं तर १०,०००, मर्यादेच्या तिपटीहून जास्त. तेच आठवड्यातून एकदा १०० ग्रॅम खाल्लं तर दिवसाची सरासरी येते ७०० च्या आसपास. म्हणून आठवड्यातून एकदा, एक बेताची वाटी.

काहींनी तेवढंही जपून. गरोदरपणात काळीज टाळावं, कारण जास्तीचं जीवनसत्त्व अ गर्भाला अपाय करू शकतं. ल्यूसी विल्सच्या काळी तेच औषध होतं. आज फोलिक अ‍ॅसिडची गोळी आहे, काळजाची जोखीम घ्यायचं कारण उरलेलं नाही. युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे धरणाऱ्यांना काळीज आणि गुर्दा दोन्ही वर्ज्य. थॅलेसेमियासारख्या आजारात शरीरात लोह आधीच साठलेलं असतं. तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिल्लीला हात लावू नये.

८. 'काळजात विष असतं' हे खरं का?

अर्धवट खरं. काळीज विषाची विल्हेवाट लावतं, ते विषाचं कोठार नव्हे. पण कॅडमियमसारखे जड धातू वर्षानुवर्षं गुर्द्यात आणि थोडे काळजात साठतात. म्हणून म्हाताऱ्या जनावरापेक्षा तरुण जनावराचा अवयव केव्हाही चांगला.

दुकानात तीन गोष्टी बघा. रंग: एकसारखा गडद तांबूस, पृष्ठभाग ओलसर चकचकीत. वास: रक्ताचा चालेल, आंबूस नको. आणि चिरल्यावर आतून: पाणथळ भागात चरणाऱ्या म्हशींच्या काळजात पानासारखे चपटे कृमी होतात, त्यांनी पोखरलेल्या नळ्या जाड, चुनखडीसारख्या लागतात. फोपसात किंवा काळजात पाण्याने भरलेले फोडही दिसू शकतात. असा तुकडा घेऊ नका, आणि कुत्र्यालाही घालू नका. त्या फोडातला कृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो आणि त्याच्या विष्ठेतून माणसापर्यंत येतो. जनावर सरकारमान्य कत्तलखान्यात तपासून कापलेलं असावं, याचं महत्त्व इथे कळतं.

९. पुन्हा त्या डबीकडे

शेवटचा हिशेब. बायसनच्या काळजाच्या कॅप्सूल साधारण दिवसाला ३ ग्रॅम भुकटी पोटात जाईल अशा घ्यायला सांगतात. ताज्या काळजात सुमारे ७० टक्के पाणी असतं. म्हणजे १० ग्रॅम ताजं काळीज वाळवलं की ३ ग्रॅम भुकटी होते. रोजचे १० ग्रॅम, आठवड्याचे ७० ग्रॅम.

सत्तर ग्रॅम म्हणजे किती? मटियाबुर्जला दुपारच्या सुट्टीत मशीन थांबवून खाली उतरलेला शिंपी गाड्यावर कलेजी मागतो. तव्यावरून पत्रावळीत चार-सहा काप पडतात, वर कांदा, लिंबाची फोड, सोबत एक पराठा. जवळपास तेवढीच.